छावणीतला काळा चष्मा

२०१३ च्या एप्रिल महिन्यात माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला चारा छावणीतल्या तिच्या जागेवरून हलवून दावणीच्या पश्चिम टोकाला बसवण्यात आले. ती सात वर्षांची होती. तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. उन्हापासून डोळे वाचावेत म्हणून डॉक्टरांनी तो सांगितला होता आणि मी तो बीडहून नेऊन दिला होता. पश्चिम टोकाला सावली नव्हती.

छावणी आमच्या गावाच्या दूध संस्थेने चालवायला घेतली होती. गाव सिरसाळ्याच्या बाजूचे. आदल्या वर्षीचा पावसाळा कोरडा गेला होता, कडब्याच्या गंजी संपल्या होत्या आणि विहिरींत तळाचे खडक दिसत होते. जनावरे विकायची किंवा छावणीत न्यायची, एवढेच उरले होते. भावाने दोन बैल, एक गाय आणि एक म्हैस छावणीत नेली. जनावरांबरोबर माणूस असणे सक्तीचे होते. सकाळ-संध्याकाळ उसाच्या शेंड्यांचे वाढे आणि पेंड मालकाच्या घरचे माणूस समोर असेल तरच मिळे. भाऊ पाण्याच्या टँकरवर चालक होता, पहाटे निघायचा. त्यामुळे जनावरांपाशी भावजय राहिली आणि तिच्यापाशी मुलगी. आमचे आईवडील तेव्हा हयात नव्हते. मी बीडमध्ये एका दैनिकात जिल्हा पान पाहत होतो, एका खोलीत एकटा राहत होतो आणि माझे काम दुपारी सुरू होत असे. मुलीला माझ्याकडे ठेवण्याचा विषय दोनदा निघाला आणि दोनदा मागे पडला.

छावणीची जागा गावाबाहेरचा माळ होता. जमीन चुनखडीची, पांढरी. जनावरांच्या रांगा आखायला फक्की मारलेली, रोगराई नको म्हणून आठवड्याला चुना टाकलेला. दुपारी बारानंतर त्या माळावर उन्हाकडे पाठ करून उपयोग नसे, ऊन खालून वर येत असे. सरकारी अटीप्रमाणे जनावरांवर हिरव्या जाळीची सावली होती. माणसांनी आपापली सोय केली होती. कोणी बैलगाडीच्या दांडीला लुगडे बांधले होते, कोणी गाडीखालीच राहत होते. मुले जनावरांच्या पोटाला लागून बसत. एप्रिल लागेपर्यंत सगळ्याच मुलांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, म्हाताऱ्यांसारख्या.

मुलीच्या डोळ्यांचा त्रास छावणीच्या आधीचा होता. चौथ्या-पाचव्या वर्षापासून उन्हाळा लागला की तिचे डोळे लाल होत, खाजत, आणि सकाळी पापणीखालून दोऱ्यासारखा पांढरा चिकट पदार्थ निघे. पाऊस पडला की कमी होई. भावजय एरंडेलाच्या दिव्यावर धरलेले काजळ घालत असे, त्याने ऊन लागत नाही असे आमच्याकडे सगळ्या बायका सांगतात. काजळाने भागले नाही तेव्हा बाजारच्या दिवशी मेडिकलमधून एक बाटली आणली. दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र झाले. मग दर उन्हाळ्यात तीच बाटली आली. दुकानदाराला नाव सांगावे लागत नसे, रिकामी बाटली दाखवली की भरलेली मिळे.

त्या वर्षी मार्चअखेरीस बाटली पुरेना. मुलगी दिवसभर डोळे मिटून म्हशीच्या आडोशाला बसू लागली. मला भावाचा फोन आला. "दादा, पोरगी डोळे उघडीना. कावून उघडीना म्हणावं तर म्हणती, उजेड टोचतोय."

मी सुटी घेऊन गेलो आणि सकाळचे वाढे वाटून झाल्यावर आम्ही तिघे तिला घेऊन एसटीने अंबाजोगाईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर बाई होत्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या. त्यांनी मुलीची वरची पापणी उलटी केली आणि आम्हाला पाहायला सांगितले. आतल्या बाजूला साबुदाण्यासारखे उंचवटे होते.

"हे संसर्गाचे डोळे नाहीत," त्या म्हणाल्या. "ही उन्हाळ्यातली ॲलर्जी आहे. ऊन, धूळ, उष्णता. काही मुलांना होते. मोठी झाली की बहुतेकांची जाते. आतापर्यंत काय घालत होता?"

भावजयीने पदराची गाठ सोडून बाटली काढली. डॉक्टरांनी ती उजेडाकडे धरून वाचली.

"किती दिवस घालताय?"

"दिवस न्हाई बाई, उन्हाळे," भावजय म्हणाली. "तीन उन्हाळे."

डॉक्टरांनी बाटली टेबलावर ठेवली आणि मुलीला दुसऱ्या यंत्रासमोर बसवले. हनुवटी टेकवायला सांगून त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी सांगितले ते असे. बाटलीत जे औषध आहे त्याने लाली लगेच जाते, पण ते पुष्कळ दिवस घातले तर काही मुलांच्या डोळ्यांतला दाब वाढतो. हिचा दोन्ही डोळ्यांत वाढला आहे. दाबाने डोळ्यामागची नस झिजते. डाव्या डोळ्याची थोडी झिजली आहे.

"गेलेलं परत येतंय का?" भावाने विचारले.

"नाही. राहिलेलं राहतं. ही बाटली आजपासून बंद केलीत तर."

त्यांनी दाबाचे थेंब आणि खाजेचे थेंब लिहून दिले. काजळ बंद. डोळे चोळायचे नाहीत, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या. पुढे छज्जा असलेली टोपी आणि घराबाहेर उन्हाच्या किरणांसाठीचा चष्मा, रस्त्यावरचा नाही. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली: जुनी बाटली बंद केल्यावर पहिले काही आठवडे खाज आधीपेक्षा वाढेल. तेव्हा घाबरून परत ती घालायची नाही. या आठवड्यांत उन्हापासून जितके जपाल तितके सोपे जाईल.

"सावलीत ठेवा म्हणजे झालं."

"आमी छावणीत राहतो," भावजय म्हणाली.

"तिथे सावली असते ना?"

"जनावरांला असती."

चष्मा मी बीडला बसस्थानकाजवळच्या एका दुकानातून घेतला. दुकानदार जुन्या ओळखीचे, बापाच्या काळापासून चष्मे बसवणारे. डॉक्टरांनी काच सांगितली होती, रंग सांगितला नव्हता. लहान मुलीच्या मापाची फ्रेम त्या काचेत काळ्या रंगातच होती.

"छोरी के वास्ते?" त्यांनी फ्रेम पुसत विचारले. "काला घालके फिरी तो पोट्टे सताएंगे, भाई. भुरा मंगाऊं? आठ दिन लगते."

तपकिरीसाठी आठ दिवस थांबण्यासारखी स्थिती नव्हती. मी काळा घेतला. टोपी पशुखाद्याच्या एका कार्यक्रमात वाटलेली घरात पडून होती, तीच भावजयीने मागून टाके घालून लहान केली.

इथे गावाकडची एक समजूत सांगणे आवश्यक आहे. डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहिले की पाहणाऱ्याचे डोळे येतात, असे आमच्याकडे मानतात. त्यामुळे ज्याचे डोळे आले तो काळा चष्मा लावतो. तो चष्मा त्याच्यासाठी नसतो, इतरांसाठी असतो. काळा चष्मा लावणारे दुसरे लोक म्हणजे मोतीबिंदू काढून आलेले म्हातारे. मुलाच्या डोळ्यांवर उन्हासाठी चष्मा लावतात, हे छावणीत कोणी पाहिलेले नव्हते.

पहिला दिवस थट्टेत गेला. पोरांनी तिला "ए म्हातारे, टाके कवा काढायचे?" असे विचारले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या जागेवरच्या बाईने चष्म्याखाली वाकून पाहिले आणि तिला लाल डोळे दिसले. ही बाई साठीची, दोन म्हशींची मालकीण. सगळी छावणी तिला आक्का म्हणत असे. छावणीतल्या मुलांचा नाष्टा झाला का, कोणाच्या वासराला हगवण लागली, हे तिला आधी कळत असे. ती ओरडली, "हिचे तर डोळे आलेत!"

भावजयीने सांगितले की डॉक्टरांकडे जाऊन आलो, हे लागणारे नाही, चष्मा उन्हाचा आहे.

"उन्हाचा चष्मा?" आक्का म्हणाली. "ऊन काय आज निघालंय का? आमी काय आंधळे झालो व्हय? डोळे आल्याबिगर काळा चष्मा कोन लावतं?"

त्याच आठवड्यात छावणीत खरेच दोन-तीन जणांचे डोळे आले. ते चार दिवसांत बरे झाले, पण तोपर्यंत छावणीतल्या बायकांनी संस्थेच्या संचालकांकडे तक्रार केली होती. संचालकांनी तोडगा काढला. मुलीला छावणीबाहेर काढायचे नाही, पण पाण्याच्या हौदाजवळची जागा सोडायची. दुसऱ्या दावणीचे पश्चिम टोक मोकळे होते, तिथे भावाची जनावरे बांधायची. त्या टोकापर्यंत जाळी पुरली नव्हती. बैलांच्या पाठीपर्यंत कशीबशी सावली येई, पुढे उघडे होते. दुपारी दोननंतर सूर्य तिरका होऊन थेट आत येत असे.

मला हे तीन दिवसांनी कळले. साप्ताहिक सुटीच्या दिवशी मी पोचलो तेव्हा भावजय पाटीत वाढे तोडत होती. मुलगी बैलगाडीच्या चाकाला टेकून बसली होती. टोपी होती, चष्मा होता, आणि समोर पांढरा माळ होता.

"कसं चाललंय?" मी विचारले.

"काका, एक गंमत दावू?" ती म्हणाली आणि उठून हौदाकडे निघाली. मी मागे गेलो. हौदाच्या नळाला पोरांची रांग होती. तिने चष्मा दोन बोटांनी नाकावर थोडा खाली केला.

"काढू का? काढू का?"

रांग फुटली. पोरे हंडे टाकून पळाली. एकाने तर डोळ्यांवर आपली टोपी ओढून घेतली आणि म्हशीला धडकला. मुलीने शांतपणे कळशी नळाखाली लावली.

"आधी पानी लई उशिरा भेटायचं," ती म्हणाली.

भावजयीला ही गंमत माहीत होती आणि तिने तिला त्यासाठी दोन चापटाही दिल्या होत्या. कारण तक्रार त्यामुळेच वाढली होती. आता संचालकांना बायका सांगत होत्या की मुलगी मुद्दाम डोळे लावते, तिला गावात पाठवा. गावात घराला कुलूप होते. मुलीला पाठवायचे तर आईने जायचे, आईने जायचे तर जनावरे काढायची.

दुपारी तीन वाजता मी त्या टोकाला बसून पाहिले. माझी पन्नाशी जवळ आली होती आणि मला डोळे उघडे ठेवणे जमत नव्हते. मुलगी आधी बैलाच्या सावलीत सरकली. बैल हलला तशी ती हलली. मग चष्म्याखाली बोटे घालून डोळे चोळू लागली. भावजयीने तिचे दोन्ही हात धरले. मुलगी ओरडत होती, "आये, सोड, खाजतंय गं, सोड." भावजयीने माठातल्या पाण्यात फडके भिजवून तिच्या डोळ्यांवर ठेवले आणि तिचे डोके मांडीवर घेतले. असे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चालले. दरवेळी फडके थोड्या वेळात गरम होई.

मी निघताना भावजयीने पदराची गाठ सोडली. जुनी बाटली तिच्याजवळच होती, अर्धी भरलेली. डॉक्टरांच्या टेबलावरून तिने ती परत उचलली होती.

"भाऊजी, ही तुमी न्या," ती म्हणाली. "रोज दुपारी हात जातो. एक थेंब घातला तर ती झोपंल, एवढंच डोक्यात येतं. माझ्याजवळ राहिली तर मी घालीन."

"घातला का?"

"न्हाई. पर आज घातला आसता."

मी बाटली खिशात टाकली. त्या संध्याकाळी बीडची गाडी न धरता मी संस्थेच्या कार्यालयात गेलो.

दूध संकलन चालू होते. दुष्काळात दूध थोडे, पण रांग तशीच होती. छावणीतल्या बायका चरव्या घेऊन उभ्या होत्या, आक्काही होती. संस्थेचे चेअरमन काट्याशेजारी खुर्ची टाकून बसत असत. उसाच्या राजकारणात हरून दुधाच्या राजकारणात टिकलेले गृहस्थ, आवाज मोठा, निर्णय लवकर. मी त्यांना डॉक्टरांनी सांगितलेले सगळे सांगितले आणि पश्चिम टोकाला मुलीच्या डोळ्यांचे काय होत आहे तेही सांगितले.

"तुमी पेपरवाले," ते म्हणाले. "उद्या छापचाल, चेअरमननं पोरगी उन्हात बसवली."

"छापायला आलो नाही. जागा मागायला आलोय."

त्यांनी डॉक्टरांचा नंबर मागितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन लावला. डॉक्टरांनी ओळख पटल्यावर तेच सांगितले. लागत नाही, शेजारी बसून लागत नाही, बघून तर कुठलेच डोळे येत नाहीत. "बघून आले असते तर मला रोज आले असते. मी दिवसभर तेच बघते," असे त्या म्हणाल्या. लोक हसले. चेअरमननी फोन ठेवला आणि बायकांकडे पाहिले.

"डॉक्टरीनबाईला कसे येतील?" आक्का म्हणाली. "तिला चष्मा हाय की."

डॉक्टरांचा चष्मा जाड होता हे भावजयीनेच छावणीत येऊन सांगितले होते. मी म्हणालो की मुलीची आई तिच्याजवळच झोपते, तिला चष्मा नाही, तिचे डोळे स्वच्छ आहेत.

"आईला लेकराचं लागत न्हाई," आक्का म्हणाली.

चेअरमननी काट्यावरच्या चरवीकडे बोट केले. मग त्यांनी विचारले, "आक्का, एखाद्याचं दूध नासकं हाय आसा संशय आला तर आपुन काय करतो? कॅनात वततो का?"

"न्हाई."

"मंग वतून देतो का गटारात?"

"न्हाई. बाजूला ठिवतो. उकळून बघतो."

"फाटलं तर परत. न्हाई फाटलं तर कॅनात. मंग ही पोरगी न उकळताच बाजूला काढली व्हय आपुन?"

मागून एकजण म्हणाला, "मंग काय चेअरमन, पोरगी उकळायची का आता?"

"पोरगी न्हाई बे. मी."

त्यांनी मुलीला बोलावून घेतले. भावजय तिला घेऊन आली. दिवे लागायची वेळ झाली होती, ऊन नव्हते. चेअरमननी खुर्ची पुढे ओढली आणि तिच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसले.

"काढ चष्मा."

मुलीने आईकडे पाहिले. दुधाची रांग दोन पावले मागे सरकली.

"काढ बाई. आन् माझ्या डोळ्यात बघ. चांगलं बघ, नजर हलवू नको."

मुलीने चष्मा काढला. डोळे लाल होते, पापण्या सुजलेल्या. ती पाहत राहिली. चेअरमनही पाहत राहिले.

"चेअरमन," मुलगी म्हणाली, "तुमच्या नाकात केस हायेत."

"आसू दे. तू डोळ्यात बघ."

दूध मोजून संपेपर्यंत दोघे तसे बसले. मग चेअरमननी जाहीर केले की ते रोज सकाळी वाढे वाटताना छावणीत येतील आणि ज्याला पाहायचे त्याने त्यांचे डोळे पाहावेत. पुढच्या बाजारापर्यंत त्यांचे डोळे आले नाहीत तर मुलगी तिच्या जुन्या जागेवर जाईल आणि कोणी काही बोलायचे नाही. आले तर ती गावात जाईल आणि तिच्या आईच्या जागी जनावरांपाशी संस्थेचा माणूस बसेल.

पुढचे मी पाहिलेले नाही. भाऊ आणि भावजय यांनी वेगवेगळे सांगितले आणि दोन्ही सांगणे जुळते, म्हणून लिहितो.

दुसऱ्या सकाळी चेअरमन आले तेव्हा त्यांचा डावा डोळा लाल होता. रात्री वारे सुटले होते, आदल्या दिवशीच चुना टाकलेला होता. आक्का पाटी खाली ठेवून पुढे आली.

"आले का न्हाई? आले का?"

"चुना गेलाय, आक्का."

"आधी सगळ्यांला चुनाच गेलेला आसतोय."

चेअरमन हौदावर गेले आणि सगळ्यांसमोर तोंड बुडवून डोळा धुतला. तो दिवसभर लाल राहिला. बायका आपापल्या पोरांना दावणीच्या त्या टोकाकडे जाऊ देत नव्हत्या. भावजयीने सामान बांधायला घेतले होते. भावाने टँकरच्या ठेकेदाराकडे दोन दिवसांची सुटी मागून ठेवली. संध्याकाळच्या दुधाला चेअरमन काट्याजवळ बसले तेव्हा डोळा निवळला होता. आक्काने कंदील धरून पाहिला, मग पापणी खाली ओढून पाहिला. ती चरवी घेऊन गेली.

बाजाराच्या दिवसापर्यंत डोळे आले नाहीत. "चेअरमनची कातडी निबर हाय, त्याला काय होतंय," असे आक्का म्हणाल्याचे भाऊ सांगतो. पण बैल परत हौदाजवळ बांधायला आणले तेव्हा तिने आपल्या म्हशींचे खुंटे उपटून एक हात पलीकडे ठोकले. त्यामुळे मुलीची जागा जाळीच्या मध्यावर आली, जिथे दिवसभर सावली राहत होती. चेअरमननी दावणीच्या पश्चिम बाजूला पेंडीच्या रिकाम्या पोत्यांचा पडदा शिवून लावायला सांगितले आणि वारे असेल त्या दिवशी चुना टाकायचा नाही असे ठरवले. पडद्यासाठी पोती शिवायला छावणीतल्या बायका बसल्या. भावजय म्हणते, आक्काची सुई सगळ्यांत मोठी होती, पेंडीच्या पोत्याची.

हौदावर "काढू का" चालेनासे झाले. मुलीला परत रांगेत उभे राहावे लागले. त्याबद्दल तिने माझ्याकडे फोनवर तक्रार केली.

खाज मेच्या मध्यापर्यंत राहिली. दुपारी हात धरणे, फडके भिजवणे चालूच होते, पण सावलीत फडके लवकर गरम होत नसे. बाटली माझ्या खोलीत टेबलाच्या खणात होती. मेमध्ये एकदा भावजयीने फोन करून ती मागितली आणि मी उत्तर देण्याआधीच, "नका आनू," म्हणून फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात मी ती बाटली नेऊन दैनिकाच्या कार्यालयातल्या मोरीत ओतली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुन्हा अंबाजोगाईला गेलो. मुलगी टोपी आणि चष्मा घालून एसटीत खिडकीजवळ बसली होती. वाटेत एका प्रवाशाने तोंड फिरवले, तेव्हा ती त्याला म्हणाली, "आजोबा, हे लागत न्हाई. चेअरमननं उकळून बघितलंय." त्याने काय समजून घेतले ते कळले नाही.

डॉक्टरांनी दाब मोजला. उजव्या डोळ्याचा मर्यादेत आला होता. डाव्याचा उतरला होता, पण थोडा जास्त होता. दाबाचे थेंब चालू ठेवायला सांगितले.

त्या वर्षी पाऊस वेळेवर आला. वाढे येणे बंद झाले आणि छावणी उठली. भावाने चारही जनावरे घरी आणली. सप्टेंबरच्या तपासणीत दोन्ही डोळ्यांचा दाब मर्यादेत होता आणि दाबाचे थेंब बंद झाले. पुढच्या उन्हाळ्यात लाली आली, खाजेच्या थेंबांवर गेली. टोपी आणि चष्मा ती शाळेत घालत असे. शाळेतल्या बाईंनी आधी हरकत घेतली होती, भाऊ जाऊन बोलून आला.

डोळ्यांच्या कडेचे किती दिसते हे पाहायची तपासणी असते. समोर एका घुमटात प्रकाशाचे ठिपके येतात आणि दिसला की बटण दाबायचे. लहान मूल त्यासाठी एका जागी बसत नाही, म्हणून डॉक्टर थांबल्या होत्या. ती तपासणी मुलगी दहा वर्षांची झाल्यावर झाली आणि त्यानंतर दरवर्षी होत आली. उजव्या डोळ्याला सगळे दिसते. डाव्या डोळ्याला नाकाकडच्या बाजूला थोडा भाग दिसत नाही. शेवटची तपासणी ती बारावीत असताना झाली. तो भाग पहिल्या तपासणीत होता तेवढाच आहे.